अडसरापासून शटरपर्यंत

श्रोतेहो, घराच्या दाराची कडी आतल्या बाजूला असते, ही गोष्ट इतकी जुनी आहे की तिच्याकडे आपले कधी लक्षच जात नाही. रात्री जेवणखाण आटोपले, गुरे गोठ्यात बांधली, की घरातले कोणीतरी उठते आणि दार लावते. कोण लावते? जो आत आहे तो. सकाळी कोण उघडते? तोही आतलाच. मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांची हकीकत तुम्हांला ठाऊक आहेच. ज्ञानेश्वर रागावून झोपडीत जाऊन बसले, ताटी लावून घेतली, आणि धाकट्या बहिणीला बाहेर उभे राहून विनवणी करावी लागली. ती ताटी म्हणजे बांबूच्या कामट्यांची. एका धक्क्याने मोडली असती. पण ती उघडायची की नाही हे आतल्याने ठरवायचे, एवढे त्या दाराचे मानपान होते.

आज मी ह्या दाराचाच इतिहास सांगणार आहे, आणि तो थेट तुमच्या ट्रॅक्टरच्या शेडपर्यंत आणून सोडणार आहे. गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी, अर्जुनी मोरगाव, कुठेही जा, गेल्या काही वर्षांत रस्त्याकडेच्या घरांचे रूप पालटले आहे. पुढे दुकान, मागे किंवा वर राहते घर, बाजूला मोटारीचा नाहीतर ट्रॅक्टरचा गाडीखाना; आणि ह्या सगळ्यांना दार म्हणून लोखंडी शटर. हे शटर म्हणजे दाराच्या घराण्यातले अगदी वेगळ्या स्वभावाचे पोर आहे. त्याचा स्वभाव नीट ओळखला नाही तर ते हातपाय मोडते, कधी जीवही घेते. म्हणून त्याची कुळकथा ऐकणे बरे.

आपल्या झाडीपट्टीत लाकडाला कधी तोटा नव्हता. साग आणि बिजा जंगलातून येई, सुतार गावातच असे. जुन्या घरांच्या दाराला पुष्कळदा बिजागरीच नसे. फळीच्या एका कडेला खाली आणि वर खुंटी ठेवलेली असे आणि ती दगडाच्या किंवा लाकडाच्या खळग्यात फिरे. दाराचे सारे ओझे त्या खालच्या खळग्यावर, म्हणजे भुईवर. दार करकरले तर खळग्यात तेलाचे चार थेंब सोडायचे, की झाले काम. आतल्या बाजूला अडसर. भिंतीत एका अंगाला खोल भोक ठेवलेले असे, त्यातून हे आडवे लाकूड ओढून दुसऱ्या अंगाच्या खाचेत बसवायचे. चोराने बाहेरून कितीही खांदा लावला तरी अडसर हलत नसे. आणि आतले लहान पोरही तो सरकवू शके. खांदा लावणे ही आपली जुनी सवय ध्यानात ठेवा. दार अडले की खांदा द्यायचा, पडू लागले की हात द्यायचा. हीच सवय पुढे शटराशी वागताना आपल्या अंगाशी येते.

मोठ्या वाड्यांचे आणि किल्ल्यांचे दरवाजे अवजड खरे, पण त्यांतही एक शहाणपण होते. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहिला असेल तर त्यावरचे अणकुचीदार खिळे आठवतील. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते ठोकलेले. परंतु त्याच दरवाजाच्या एका फळीत माणूस वाकून जाईल एवढे लहान दार आहे. त्याला आपण दिंडी म्हणतो. मोठे दार बंद असले तरी एकट्या माणसाची ये-जा त्या दिंडीतून होई. ही दिंडी मी मुद्दाम सांगितली, तिच्याकडे पुन्हा येणार आहे.

किल्ल्याचा दरवाजा पहारेकऱ्याच्या हुकमतीत असे, घरधन्याच्या नव्हे. आणि तिथे काय होते हे आपली हिरकणीची कथा सांगते. रायगडावर दूध घालायला गेलेली ही बाई. सांज झाली, दरवाजे बंद झाले, पहारेकरी उघडीनात, आणि खाली घरात तान्हे पोर. तेव्हा ती कड्यावरून उतरली असे सांगतात. कथा म्हणून आपण ती कौतुकाने ऐकतो, आणि कौतुक रास्तच आहे. पण तिच्यातला दाराचा भाग निराळा काढून पाहा. दाराची किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली की आतल्या माणसाला कडाच उतरावा लागतो. कडा उतरणे प्रत्येकाला साधत नाही.

आता बाजाराकडे वळू. जुन्या पेठेतल्या दुकानाला दार म्हणून फळ्या असत. खाली उंबऱ्यात एक खाच, वर चौकटीत एक खाच. त्यांत एकेक फळी सरकवायची, फळ्यांवर आकडे घातलेले, शेवटी आडवी लोखंडी पट्टी आणि कुलूप. सकाळी दुकान उघडायला चांगली पाव घटका जाई. गोंदियाची पेठ वाढली ती रेल्वेमुळे. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिच्या मोठ्या मार्गावर गोंदिया आले. मग विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत जबलपूरकडे आणि नागभीडकडे लहान रुळांचे फाटे फुटले. धान, लाख, डिंक, तेंदूची पाने, विड्या असा माल चहूकडून येऊन पडू लागला, भाताच्या गिरण्या उभ्या राहिल्या. माल वाढला तशी गोदामे वाढली, आणि गोदामाला फळ्यांचे दार पुरेना.

गुंडाळून वर जाणारे लोखंडी दार इकडे जन्मले नाही. १८३० नंतरच्या दशकात लंडनमधल्या दुकानदारांसाठी ते तयार झाले. काचेची मोठी दर्शनी खिडकी रात्री झाकायची, आणि तीही एका माणसाने, झटकन, अशी त्यांची गरज होती. पत्र्याच्या अरुंद पट्ट्या एकमेकींत अडकवून पडदा करायचा आणि चटई गुंडाळावी तसा तो वर गुंडाळायचा, ही कल्पना साधी. पण पडद्याचे वजन कोण उचलणार?

शिक्षक बंधुभगिनींनो, हा हिशेब वर्गात मुलांकडून जरूर करवून घ्या. लोखंडी पत्र्याची जाडी ०.९ मिलिमीटर धरली तर एका चौरस मीटरचे वजन सुमारे ७ किलो भरते. पट्ट्या एकमेकींत अडकवायला कडा वळवाव्या लागतात, म्हणून पत्रा जास्त लागतो. तेव्हा १० किलो धरा. आठ फूट रुंद आणि आठ फूट उंच शटराचे क्षेत्रफळ जवळजवळ ६ चौरस मीटर. म्हणजे ६० किलो, आणि खालच्या जाड पट्टीचे आणखी निराळे. ४० किलोच्या धानाच्या कट्ट्याशी तुलना करा: दीड कट्टा तुमच्या डोक्यावर टांगलेला आहे. तरीही दुकानदार सकाळी एका हाताने शटर वर लोटतो. हे होते कसे?

वरच्या पेटीत, जिथे आपली नजर पोहोचत नाही, तिथे एक आडवी नळी घट्ट बसवलेली असते आणि तिच्यावर फिरणारे ढोल असतात. प्रत्येक ढोलात पोलादी कमान, घड्याळात असते तशीच पण फार मोठी. तिचे एक टोक नळीला, दुसरे ढोलाला. शटर खाली येऊ लागले की कमानीला पीळ बसत जातो, आणि तो पीळच शटराला वर ओढून धरतो. खाली लटकणारे वजन वाढते तसा पीळही वाढतो, म्हणून दोन्ही बाजूंची बरोबरी राहते. तुम्ही हाताने उचलता ते फक्त थोडेसे उरलेले. शटर अगदी खाली असते तेव्हा कमान सर्वांत जास्त ताणलेली असते. बंद शटर निवांत दिसते. वरच्या पेटीत मात्र सगळा जोर दबा धरून बसलेला असतो.

जुन्या दाराचे ओझे भुईवर होते, डोळ्यांसमोर होते. शटराचे ओझे डोक्यावर आहे आणि लपलेले आहे. कमान शाबूत आहे तोवर ते कळत नाही. कमान तुटली की एका क्षणात कळते. आपल्या देशात धातूच्या शटरांसाठी भारतीय मानक आहे, आयएस ६२४८. त्याची सुधारित आवृत्ती १९७९ ची. ठराविक आकारापर्यंतचे शटर हाताने चालवायचे आणि त्याहून मोठे असेल तर साखळी व दातेरी चाके लावायची, असा त्यामागचा विचार आहे. गावात शटर बसवताना किती जण हे विचारतात? भाव विचारतात, रंग विचारतात.

अमेरिकेत ह्या दाराने आणखी एक वळण घेतले. तिकडे मोटारी घरोघर झाल्या आणि गाडीखान्याला रुंद दार लागले. १९२१ साली सी. जी. जॉन्सन ह्यांनी वर सरकणारे दार काढले आणि १९२६ साली त्याला विजेची मोटर जोडली. थंडीपावसात गाडीतून न उतरता दार उघडावे ही त्यातली सोय. पण मोटरीला समज नसते. खाली पोर आहे की पोते आहे हे तिला कळत नाही. अशा दारांखाली सापडून लहान मुले दगावू लागली, तेव्हा १९९० साली तिथल्या संसदेने कायदा केला. त्यानुसार १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती मोटरयंत्रांना, मध्ये कोणी आल्यास दार उलटे वर जाईल अशी तजवीज सक्तीची झाली. दोन्ही बाजूंना गुडघ्याखाली दोन लहान डोळे बसवतात; त्यांमधला प्रकाशाचा किरण तुटला की दार थांबते. आपल्याकडे आता विजेची शटरे गावोगाव येत आहेत. घेताना हे डोळे आहेत का असे विचारा. थोडे पैसे वाचवायला जे गाळले जाते ते बहुधा हेच असते.

लपलेल्या ओझ्याची कथा इथवर. दुसरी कथा कुलपाची, आणि ती मला अधिक टोचते.

१६ जून १८८३ रोजी इंग्लंडमधल्या संडरलंड गावी व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी खेळ ठेवला होता. शेवटी खाली बक्षिसे वाटू लागले, तशी वरच्या सज्जातली मुले जिन्याने धावली. जिन्याच्या तळाचे दार आतल्या बाजूला उघडणारे होते, आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढीच फट ठेवून त्याला खीळ घातलेली होती. मागची मुले पुढच्यांवर कोसळली. १८३ मुले गेली. त्यानंतर सभागृहांची दारे बाहेरच्या बाजूला उघडावीत असे नियम झाले, आणि १८९२ साली रॉबर्ट ब्रिग्ज ह्यांनी एक नवी खीळ काढली: आतून अंगाचा धक्का बसला की आपोआप सुटणारी. आजही नाट्यगृहाच्या दारावर आडवा दांडा दिसतो ना, तो तिचाच वारस.

शटराने ही शिकवण उलटी फिरवली. त्याची दोन कुलपे खाली असतात आणि बहुधा बाहेरून लागतात. रिकाम्या गोदामाला ते ठीक आहे. पण आपण शटरामागे माणसे झोपवू लागलो. डिसेंबर २०१६ मध्ये गोंदिया शहरातल्या एका हॉटेलला पहाटे आग लागून माणसे दगावली, ती तुमच्या स्मरणात असेल. त्याच महिन्याच्या ३० तारखेला पुण्यात कोंढव्याच्या एका बेकरीत आग लागली. आत सहा कामगार झोपले होते आणि शटराला बाहेरून कुलूप होते. सहाही गेले. ९ मे २०१९ रोजी पुण्याजवळ उरुळी देवाची येथे कापडाच्या दुकानात पुन्हा तेच. बाहेरून बंद, आत पाच कामगार. ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे पिंपरी-चिंचवडमध्ये पूर्णानगरात एका हार्डवेअरच्या दुकानात आग लागली. तिथे कामगार नव्हे, दुकानातच राहणारे चौघांचे कुटुंब होते. आईबाप आणि दोन मुलगे. कोणी वाचले नाही.

ह्यांतले कोणतेही शटर मोडके नव्हते. माल राखायचे काम त्यांनी चोख केले. अडसर ज्या घरात होता तिथे असे मरण आले नसते असे मी म्हणत नाही, आग ही आगच. पण निदान दार आतल्याच्या हाती असते.

तुमच्या घरी कोणी आतून कुलूप घालून झोपत असेल तर किल्ली दाराजवळच्या खिळ्याला ठेवा, उशीखाली नको. बाहेरून कुलूप लावून माणूस आत ठेवू नका, एका रात्रीपुरतेही नाही. दिवाळीनंतर मंडई भरते, घरची मंडळी दंडार नाहीतर नाटक पाहायला रात्रभर जातात, आणि म्हातारी आई एकटी आहे म्हणून तिच्या सुरक्षिततेसाठी शटर बाहेरून बंद करून जातात. हेतू चांगला असतो. पण त्या रात्री वायर जळाली तर तिने काय करायचे? मागच्या बाजूला आतून उघडणारे एक साधे लाकडी दार ठेवा आणि त्याच्यापुढे पोती रचू नका. जागा नसेल तर मघाची दिंडी आठवा. शटरातही लहान दार बसवून मिळते. नवे करताना मिस्त्रीला तसे सांगावे, आणि त्याची कडी आतून हवी.

आग लागलीच तर हे ध्यानी असू द्या. आगीत वीज जाते, म्हणून विजेचे शटर बटणाने उघडेलच असे नाही. त्याची हाताने फिरवायची साखळी किंवा दांडा कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला आजच दाखवून ठेवा. पत्रा तापला की फुगतो आणि बाजूच्या खाचेत अडकतो. अडकलेल्या शटराशी झुंजत बसू नका, मागचे दार गाठा. धूर वर असतो, खाली वाकून, रांगत जा. वाट नसेल तर मागच्या खोलीत जाऊन दार लावा, फटीत ओली फडकी कोंबा, खिडकीतून ओरडा, थाळी बडवा. बाहेर असणाऱ्याने आधी मेन स्विच बंद करावा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा. कुलूप तोडून शटर उघडायचे झाले तर बाजूला उभे राहून थोडे थोडे वर घ्यावे. एकदम उचलले तर कोंडलेला जाळ नवी हवा मिळताच तोंडावर येतो.

आता रोजच्या अपघातांकडे येऊ, कारण खेडोपाडी तेच अधिक. वरून फटाका फुटल्यासारखा आवाज आला आणि शटर एकाएकी जड झाले तर समजा की कमान तुटली. उचलायला जाऊ नका. अर्धवट वर अडकले असेल तर खालून कोणाला ये-जा करू देऊ नका. दोन्ही बाजूंना बल्ल्यांचा टेका द्या, तोही बाजूला उभे राहून, आणि मिस्त्रीला बोलवा. वरची पेटी स्वतः उघडू नका, पाना लावू नका. ताणलेली कमान सुटली तर हाताचे हाड राहत नाही. आणि शटर पडू लागले तर हात देऊ नका! पडू द्या. पत्रा वाकेल, तो पुन्हा सरळ होतो.

विजेच्या शटराची मोटर जोडणीतून सोडवायची असेल तर ते पूर्ण खाली असताना सोडवा. वर असताना सोडवले आणि कमानीत दोष असला तर सगळेच अंगावर येते. पावसाळ्यात शटराला हात लावताच झिणझिण्या आल्या तर ते किरकोळ समजू नका. वरच्या पाटीच्या दिव्याची नाहीतर मोटरीची वायर कुठेतरी पत्र्याला टेकली आहे. मेन बंद करा आणि वायरमन येईपर्यंत कोणाला जवळ जाऊ देऊ नका.

माणूस खाली सापडला तर त्याला ओढू नका, शटर उचला. मोटर असेल तर आधी वीज बंद. दोघांनी दोन टोकांना धरून एकदम उचलावे आणि तिसऱ्याने लगेच लाकडी ठोकळा सरकवावा, मग पुन्हा थोडे उचलावे, दुसरा ठोकळा. माणसे कमी असतील तर ट्रॅक्टरचा जॅक खालच्या जाड पट्टीखाली, बाजूच्या खाचेजवळ लावावा. मान किंवा छाती दबली असेल तर क्षणाचाही विलंब नको. हातपाय पुष्कळ वेळ दबून राहिला असेल तर मात्र आधी १०८ ची गाडी बोलवा, ते सांगतील तसे करा, आणि किती वाजता सापडला ती वेळ लिहून डॉक्टरांना द्या. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. हळद, चुना, चहापूड काही भरू नका. पट्ट्यांच्या मध्ये बोट अडकले तर शटर ज्या दिशेने येत होते त्याच्या उलट दिशेला अगदी हळू बोटभर सरकवा.

ह्यांतले बरेचसे टळतेच, जर बाजूच्या खाचा स्वच्छ असतील. आपल्याकडे भाताच्या गिरण्यांचा कोंडा आणि रस्त्याची धूळ त्या खाचांत बसते, पावसाचे पाणी मिळाले की तिचा लगदा होतो, आणि खालची पट्टी आतून गंजते. मृगापूर्वी एकदा आणि दिवाळीपूर्वी एकदा खाचा झाडून तेलाचे फडके फिरवा. शटर एका बाजूला कलते आहे, मध्येच झटका देते आहे, पूर्वीपेक्षा जड लागते आहे, ह्यांतले काहीही दिसले तर मिस्त्री बोलवण्याची वेळ तीच, तुटल्यावरची नव्हे. उंच शटर खाली ओढायला स्टुलावर चढू नका; लोहाराकडून एक आकडी करून घ्या. आणि शटर वर जात असताना मुठीला लटकून झोका घेणारी पोरे तुम्ही पाहिलीच असतील. त्यांची बोटे वरच्या ढोलापासून वीतभर अंतरावर असतात. शाळेच्या कोठीला शटर असेल तर गुरुजींनी मुलांकडून ते उघडून घेऊ नये, मोठ्या वर्गातल्या मुलांकडूनही नाही.

दोन लाकडी ठोकळे, एक जॅक, एक बॅटरी आणि आकडी, एवढे सामान गाडीखान्यात शटरापासून दोन हात आत ठेवा. बाहेरच्या ओट्यावर ठेवले तर शटर बंद असताना आतल्याला ते मिळणार नाही.